दोन चुलींची घरपट्टी

सातारा
ता. २ डिसेंबर १९९६

चि. धम्मपाल यास बनाक्काचा जय भीम व आशीर्वाद.

खुशाली मागनं लिहिते, आधी हे ऐक. माझ्या दोन चुली आता धंदा झाल्यात. गुरुवारी पालिकेची नोटीस आली. पुढच्या पडवीत मी भाकऱ्या थापून विकते म्हणून ती पडवी बिगरनिवासी, आणि घरपट्टी दुपटीच्या वर. नोटीस आणणाऱ्याला मी विचारलं की बाबा, चूल कुठल्या घरात नसते. तर तो म्हणाला की मावशी, एक असली तर स्वयंपाक, दोन असल्या तर व्यवसाय. हे त्याला कुणी शिकवलं ते तू सांग. तू पण सांगलीत त्याच खात्यात केस पांढरे केलेस.

शेजारच्या हुसेनबीचं पण तेच. तिचं शिवणयंत्र खिडकीशी असतं म्हणून तिच्या खोलीचं दुकान झालं. आत सरकवावं तर अंधारात सुई दिसत नाही. तिनं विचारलं की मी आंधळी झाले तर पट्टी कमी होईल का. त्या माणसानं ते पण वहीत बघितलं.

आता दुसरी बाजू ऐक. आमच्या बोळाच्या तोंडाला विद्याकुंभ मंडळाची इमारत आहे, तू मागं आलास तवा नवी होती. खाली चार गाळे भाड्यानं, त्यावर हॉल, आणि हॉलाच्या वर शाळेच्या चार खोल्या. हॉलात लग्नं लागतात. कुणी सांगितलं असं नाही, मला ठाऊक आहे, कारण हळदीच्या दिवशीच्या पिठलं-भाकरीतल्या भाकऱ्या माझ्या असतात. नाथाजी आचारी येतो, आकडा सांगतो, मी भिंतीवरच्या कॅलेंडरावर त्या तारखेला कोळशानं रेघ मारते. गेल्या उन्हाळ्याच्या पानांवर तारखा दिसत नाहीत, रेघाच दिसतात. कुणाच्या हातची भाकरी हे त्या हॉलात कुणी विचारत नाही, कारण माझी टोपली दारातच घेतात.

आणि त्या सगळ्या इमारतीला घरपट्टी माफ. वरच्या चार खोल्यांना नव्हे, सगळ्या इमारतीला. नोटीसवाला म्हणाला की ते धर्मादाय आहे, शिक्षणाचं काम आहे. मी म्हटलं, मग मी पण भुकेल्याला खायला घालते.

राग आला म्हणून काल मी बोळापासून स्टँडापर्यंत पाट्या वाचत गेले. मला वाचायला वेळ लागतो, तवा रस्ता पण लांबला. अमुक प्रतिष्ठान, तमुक न्यास, सेवा मंडळ, स्मारक समिती. सोळा झाल्या तशी थांबले. सगळ्यांत खोटं चालतं असं मी म्हणत नाही, एकात खरंच मुक्या पोरांची शाळा आहे, मी खिडकीतनं बघितली. पण चांगल्या रस्त्यावरच्या मोठ्या इमारती अशा एकेक करून बाजूला काढल्या, तर गाव चालवायला राहिलं कोण. मी, हुसेनबी, आणि आमच्यासारखे पत्र्याखालचे. म्हणून नळ एक दिवसाआड येतो. पालिकेच्या दवाखान्यातली बाळंतपणाची बाई दोन वर्षांमागं निघून गेली, तिच्या जागी कुणी नाही, कारण विचारलं की पैसा नाही म्हणतात. आणि बोळातलं गटार कशानं तुंबतं ठाऊक आहे का. मंडळाच्या हॉलातल्या पत्रावळ्यांनी. ते साफ करायचं आमच्या पट्टीतनं.

तर मला दोन गोष्टी लिहून कळव. हरकत घ्यायची ती कशी घ्यायची, आणि माफीचा नियम खरा काय आहे. साहेबी भाषेत लिहू नको, चौथीतल्या बाईला कळेल असं लिही.

आता खुशाली. गुडघा दुखतो. बाकी बरी आहे. आम्रपालीला माझे मुके. तिच्या स्थळाचं काय झालं ते नीट कळव, मला दुसऱ्याकडनं ऐकायला लावू नको.

लोभ तर आहेच. उत्तर लवकर आलं तर तो टिकेल.

तुझी
बनाक्का


सांगली
ता. १० डिसेंबर १९९६

ती. अक्कास धम्मपालचा सविनय जय भीम वि. वि.

तुझं आंतरदेशीय मिळालं. कडेनं, मागं आणि चिकटवायच्या पट्टीवर सुद्धा तू लिहिलं होतंस. ते उघडताना फाटलं, त्यामुळे खुशालीचा भाग अर्धाच वाचता आला. राग मात्र सगळा शाबूत पोचला. सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर जाऊन आलो, म्हणून उत्तराला चार दिवस उशीर.

नियम सोपा आहे. ज्या जागेत फक्त धर्माचं किंवा लोकोपयोगी काम चालतं, म्हणजे शाळा, दवाखाना, देऊळ, मशीद, विहार, त्या जागेला घरपट्टी माफ होते. त्यातला एखादा भाग भाड्यानं दिला किंवा कमाईला लावला, तर तेवढ्या भागाची माफी जाते. उरलेल्याची राहते. कुठला भाग कशासाठी वापरतात हे आमच्यासारखा निरीक्षक जागेवर जाऊन बघतो आणि अहवाल लिहितो. हरकत तीस डिसेंबरच्या आत साध्या कागदावर द्यायची. पोच घ्यायला विसरू नको.

आता माझं ऐक. तू हरकत तुझ्यापुरतीच घे. पडवी राहत्या घराचाच भाग आहे, विधवा बाई आहे, भाकरी हे पोटापुरतं काम आहे, एवढं लिही. पट्टी कमी होईल असं मला वाटतं. मंडळाचं नाव त्यात आणू नको. ते मोठे लोक आहेत, त्यांची शाखा इथं विश्रामबागेतही आहे, चांगली शाळा चालवतात. आणि माफी वाईटच असते असं धरून चालू नको. मी साताऱ्याच्या ज्या बोर्डिंगात शिकलो, त्या बोर्डिंगालाही घरपट्टी माफ होती. ती नसती तर ते चाललं नसतं आणि मी आज या खुर्चीवर नसतो. पालिकेला जे जमत नाही ते संस्था करतात, म्हणून कायद्यानं त्यांना सूट दिली आहे.

आम्रपालीचं जमल्यासारखं आहे. मुलाचं नाव प्रबुद्ध, इस्लामपूरच्या बाजूचा, साखर कारखान्याच्या लॅबमध्ये आहे. बोलतो कमी. तुला आवडेल, कारण तुझ्यासमोर दुसऱ्याला बोलायची संधी तशीही नसते.

गुडघ्याला तेल लाव. लहान भावावरचा राग आटोक्यात ठेवावा ही विनंती.

तुझा
धम्मपाल


सातारा
ता. २४ डिसेंबर १९९६

चि. धम्मपाल यास जय भीम व आशीर्वाद.

नियम कळला. चांगला लिहिलास. त्यातली भाग-भाग ही गोष्ट तर मी तीनदा वाचली. तुझा सल्ला पण वाचला, एकदाच.

हरकत माझी मीच लिहिली. तीन दिवस लागले आणि चार कागद वाया गेले. आधी माझ्या चुलींचं लिहिलं, मग हुसेनबीच्या यंत्राचं, आणि खाली लिहिलं की मंडळाच्या चार खोल्यांत शाळा आहे, त्यांना माफी द्या, पण गाळे आणि हॉल कमाईचे आहेत, त्यांची पट्टी घ्या. हुसेनबीनं उर्दूत सही केली. कारकून म्हणाला की हे मला वाचता येत नाही. मी म्हटलं, तिनं पट्टी भरली ती तुमाला वाचता आली का. मग त्यानं कागद पुढं ओढला.

पण पहिल्या दिवशी त्यानं तो घेतलाच नव्हता. एकोणीस तारखेला गेले तवा माझ्याकडं वरखाली बघून म्हणाला की बाई, तुमच्या विहाराला पण माफी आहे, आणि विहाराच्या दर्शनी खोलीत अर्जुना सायकलवाल्याचं दुकान आहे, ते पण लिहा की. मी कागद उचलून परत आले. न भांडता आले म्हणजे काय ते तुला कळेल. तो खरं बोलत होता. ती खोली भाड्यानं आहे, आणि त्या भाड्यातनं जयंतीचा मांडव होतो, हे मी इतकी वर्षं बघते.

मग त्याच संध्याकाळी विहारात वंदना झाल्यावर मी कमिटीपुढं बोलले. म्हटलं, त्या खोलीची पट्टी आपण होऊन लावून घेऊ, वंदनेच्या जागेची माफी राहू दे. लय गलका झाला. म्हातारे म्हणाले की बाई, सगळं गाव खातं आणि तू आपल्याच ताटातलं काढतेस. मी म्हटलं, दुसऱ्याच्या ताटाकडं बोट करायचं असेल तर आधी माझं बोट धुतलेलं पाहिजे. अर्जुना दोन दिवस माझ्याशी बोलला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतःच आला, म्हणाला की आक्का, पट्टी लागली तर निदान दुकानात नळ मागता येईल. कमिटीनं लिहून दिलं. काल सोमवारी दोन्ही कागद एकदम दिले आणि पोच घेतली.

संध्याकाळी नाथाजी आला. आकडा सांगायला आला असं वाटलं, मी कोळसा हातात घेतला. तर उंबऱ्यातच उभा राहिला. मंडळाचे सचिव हंबीरराव, त्यांनी त्याला सांगितलं म्हणे की त्या बाईची भाकरी इथून पुढं नको. नाथाजीला लाज वाटत होती हे मी बघितलं. माझा पण संसार हाय आक्का, म्हणाला. मी त्याला चहा दिला. त्याच्याशी भांडून काय करू. तर आता एक चूल गार आहे. नियमानं मी परत स्वयंपाक करणारी बाई झाले, हे त्या नोटीसवाल्याला कळवते.

तुझ्या बोर्डिंगाचं लिहिलंस ते बरं केलंस. ते बोर्डिंग मी बघितलंय. दर रविवारी मी तुला भाकरी घेऊन यायचे. वरनं गळायचं, पोरं स्वतः पीठ मळायची, आणि तिथं कुणाचं लग्न लागलेलं मी बघितलं नाही. त्याची माफी कुणी काढली तर मी दारात आडवी पडेन. तू दोन्ही एका तराजूत घातलंस. मुद्दाम घातलंस का चुकून, ते तुझं तुला ठाऊक.

प्रबुद्ध नाव चांगलं आहे. कमी बोलतो तर ऐकतो का ते बघ.

लोभ आहे, तुझ्या सल्ल्यावर नाही इतकंच.

तुझी
बनाक्का


सांगली
ता. ३ जानेवारी १९९७

ती. अक्कास सविनय जय भीम वि. वि.

पत्र मिळालं. ऑफिसात कामाची गर्दी आहे, थोडक्यात लिहितो.

आम्रपालीचं लग्न नक्की झालं. रविवार दोन फेब्रुवारी. विश्रामबागेत हॉल मिळतो आहे. पौष असल्यानं तेव्हा रिकामा असतो आणि आपल्याला काही मुहूर्ताचं बंधन नाही. ओळखीनं मिळतो आहे, खर्चाची काळजी नाही. तू आठ दिवस आधी ये.

तुझ्या हरकतीबद्दल एवढंच सांगतो. अजूनही मंडळाचं नाव मागं घेता येईल, साधा अर्ज पुरतो. जागेवर तपासणी होईल तेव्हा निरीक्षकाला जे दिसतं तेच तो लिहितो. त्याला गेल्या उन्हाळ्यातलं काही दिसत नाही. उगाच तुझं काम गेलं, आणखी काय काय जाईल याचा विचार कर. मी लहान असून सांगतो याची क्षमा असावी.

माया आहे तशी ठेव.

तुझा
धम्मपाल


सातारा
ता. १४ जानेवारी १९९७

चि. धम्मपाल यास जय भीम.

काल तपासणी झाली. तू म्हणालास तसंच झालं, अगदी तसंच, म्हणून विचारते की तुला एवढं नेमकं कसं ठाऊक होतं.

पौष लागला तो शुक्रवारी. पौषात लग्नं नाहीत. शनिवारी मंडळानं वरच्या खोल्यांतले बाक खाली हॉलात उतरवले, एक फळा आणला, फळ्यावर बेरजा लिहिल्या. सोमवारी निरीक्षक आला तर हॉलात पोरं बसलेली. पोरांना पण नवल वाटत होतं, ती छताकडं बघत होती, कारण छताला अजून लग्नाच्या पताका होत्या. गाळ्यांची दारं ओढून घेतलेली आणि वर कागद, शालेय साहित्य. मी आणि हुसेनबी हरकतवाल्या म्हणून आम्हाला आत येऊ दिलं. त्या हॉलात मी पहिल्यांदा पाय ठेवला. इतकी वर्षं टोपली दारात.

मी निरीक्षकाला माझं कॅलेंडर दाखवलं. त्यानं बघितलं, माणूस वाईट नव्हता, पण म्हणाला की मावशी, कोळशाच्या रेघा हा पुरावा होत नाही, मला जे दिसतं ते मी लिहितो. तुझं वाक्य. तुमच्या खात्यात ते सगळ्यांना पाठ करायला देतात काय.

तवा हंबीररावांनी फाईल काढली. म्हणाले की याच मंडळाच्या सांगलीच्या इमारतीची तपासणी झालेली आहे, खाली गाळे, मध्ये हॉल, वर शाळा, अशीच बांधणी आहे, आणि तिथल्या निरीक्षकानं सगळी इमारत शिक्षणासाठी असल्याचा अहवाल दिलाय. त्याची नक्कल त्यांनी टेबलावर ठेवली. इथला निरीक्षक ती वाचायला लागला आणि मी पण वाकले. अक्षर मला सावकाश लागतं. पण सही लागायला वेळ लागला नाही. नावाखाली रेघ आणि रेघेखाली दोन टिंबं. तशी सही माझ्या पत्र्याच्या डब्यात पन्नास पत्रांखाली आहे.

मी कॅलेंडर गुंडाळलं. हुसेनबीनं माझ्या तोंडाकडं बघितलं आणि हाताला धरून मला बाहेर आणलं.

सुनावणी सत्तावीस जानेवारीला, सोमवारी आहे. तो कागद तिथं ठेवणार आहेत. तू ती इमारत कधी बघितलीस, काय काय बघितलंस, कुठल्या दिवशी गेलास, हे मला लिही. मी पोलीस नाही, तुझी बहीण आहे. म्हणून आधी तुला विचारते.

बनाक्का


सांगली
ता. १७ जानेवारी १९९७

ती. आत्यास आम्रपालीचा जय भीम व नमस्कार वि. वि.

दादांनी तुझ्या पत्राला उत्तर लिहायला घेतलं आणि दोनदा फाडलं. आता तुझं पत्र कपाटात कुलपात आहे. मी त्यांच्या खिशातली किल्ली घेतली, हे मी कबूल करते. पत्र वाचलं, म्हणून हे लिहिते. दादांना न सांगता लिहिते आहे, पण त्यांनी विचारलं तर सांगेन.

आत्या, लग्नाचा हॉल मंडळाचाच आहे. दादांनी तुला नाव लिहिलं नसणार. मंडळाचे लोक मागच्या महिन्यात घरी आले होते. तुमची मुलगी ती आमची मुलगी, हॉल आमच्यातर्फे, असं म्हणाले. साताऱ्याच्या हरकतीचा विषय त्यांनी काढला नाही, पण चहा पिताना तुझी खुशाली विचारली. दादांनी तेव्हापासून नीट जेवण घेतलेलं नाही.

लाच घेतली असं तुला वाटू नये. १९९३ साली जयंतीला मंडळानं दादांचा सत्कार केला होता. शाल, श्रीफळ, बाबासाहेबांच्या तसबिरीशेजारी खुर्ची. आई म्हणते की त्या दिवशी घरी आल्यावर ते तासभर शाल काढत नव्हते. त्या इमारतीत आपल्या माणसाला व्यासपीठावर बसवलं हीच गोष्ट त्यांना मोठी वाटली. तिथून आल्यावर त्यांनी अहवाल लिहिला. वरचा मजला, गाळे, काही बघितलं नाही. आई म्हणते, ते त्या वेळी म्हणाले होते की इतक्या चांगल्या माणसांच्या खोल्या उघडून बघायच्या म्हणजे त्यांच्यावर संशय घेतल्यासारखं होईल.

मी प्रबुद्धला सगळं सांगितलं. तो म्हणाला की लग्नाला माणसं लागतात, हॉल कशाला. मला तेवढं पुरे आहे. आता तू काय करायचं ते कर, पण दादांना एकटं पाडू नकोस.

तुझ्या प्रेमाची आणि तुझ्या भाकरीची वाट बघणारी,
आम्रपाली


सातारा
ता. २० जानेवारी १९९७

चि. धम्मपाल यास,

आम्रपालीवर रागावू नको. किल्ली तिनं घेतली हे चुकलं, पण कपाटाला कुलूप तू लावलंस.

ते पत्र आल्यावर मी भिंतीवरचा तुझा फोटो खाली काढला. सत्काराचा. तू पाठवलास तवा मी त्याला चौकट करून घेतली होती, बोळातल्या प्रत्येक बाईला दाखवला होता. त्यात मला आजवर तूच दिसायचास. काल उजेडात नेऊन बघितला. तुझ्या मागं, मंचाच्या कोपऱ्यात, पांढऱ्या चादरीखाली काहीतरी झाकलंय. चादर खालपर्यंत पुरली नाही. खाली चार पाय दिसतात, पुढं सिंहाचे पंजे कोरलेले. नवरा-नवरीच्या खुर्च्या आहेत त्या, धम्मपाल. अशाच इथल्या हॉलात आहेत, लाल मखमलीच्या, टोपली देताना दारातनं मी किती वेळा बघितल्यात. ज्या व्यासपीठावर तुला बसवलं त्याच्यावर आदल्या आठवड्यात कुणाचं तरी लग्न लागलं होतं, आणि ते तुझ्या पाठीशी झाकून ठेवलं होतं. तू मागं वळून बघितलं नाहीस.

दुसरी गोष्ट. त्या अहवालावर तपासणीची तारीख मी वाचली. हंबीररावांनी ती कधी वाचली नाही, इथल्या निरीक्षकानं पण नाही, कारण त्यांच्यासाठी ती तारखांतली एक तारीख आहे. चौदा एप्रिल. मला त्यासाठी चौथी पण लागत नाही. चौदा एप्रिलला सरकारी सुट्टी असते. सुट्टीच्या दिवशी कुठला निरीक्षक टेप घेऊन फिरतो. तू खरी तारीख लिहिलीस, कारण तो दिवस तुला खोटा लिहवेना. तेवढं मी तुझ्या बाजूनं धरलंय.

तुला धोंडीबाचा धम्मपाल केला तो मास्तरांपुढं मी. तू पाच वर्षांचा होतास, आईला बोलता येईना, मीच सांगितलं की जुनं नाव नको, हे नवं लिहा. माझी चौथी तिथंच थांबली, कारण तुझी पहिली सुरू झाली. मी हे ऐकवायला लिहीत नाही. पण ज्या नावानं मी तुला शाळेत घातला, ते नाव त्या कागदाखाली आहे. आणि त्या कागदानं माझ्या बोळाची पट्टी वाढते, हुसेनबीचं यंत्र दुकान होतं, दवाखाना बाईवाचून राहतो. सांगलीत पण असाच एखादा बोळ असेल, त्या इमारतीच्या मागं. तिथली बाई तुला ओळखत नाही, म्हणून तुला पत्र येत नाही.

सत्कार चांगला वाटला याची मला लाज वाटत नाही. मला पण वाटला असता. मला इतक्या वर्षांत त्या हॉलात कुणी बस म्हटलं नाही. पण शाल ही शाल आहे आणि अहवाल हा अहवाल आहे. एकाच्या बदल्यात दुसरा द्यायचा नसतो.

आता काय करायचं ते ऐक. तुझ्या वरिष्ठांना एक अर्ज लिही. सत्काराच्या दिवशी गेलो होतो, गाळे आणि वरचा मजला बघितला नाही, तपासणी परत व्हावी. तीन ओळी पुरतात, माझ्या हरकतीत अकरा होत्या. त्याची नक्कल घेऊन सत्तावीसला इथं ये. मी बाजूला उभी राहीन, एक शब्द बोलणार नाही, तू नवल करशील इतकी गप्प राहीन. शाळेच्या खोल्यांची माफी त्यांच्याकडं राहू दे, पोरांच्या बाकांना मी पट्टी लावायला निघाले नाही. बाक वर जाऊ दे, एवढंच मागते.

वेतनवाढ अडवतील, बदली करतील. नोकरी जाईल असं मला वाटत नाही. गेली तर दुसरी चूल रिकामीच आहे, पीठ मळायला तू बोर्डिंगात शिकलास.

लग्न दोन फेब्रुवारीलाच होईल, आपल्या विहाराच्या अंगणात, इथं. अर्जुनानं खोली दोन दिवस रिकामी करायची कबूल केली आहे, तिथं भांडी राहतील. हुसेनबी पोरीचं पोलकं शिवते आहे, खिडकीशी बसून. नाथाजी म्हणाला की तो आदल्या रात्री येऊन आमटी करून जाईल, मंडळाला सांगू नका. मी म्हटलं, येताना मागच्या दारानं येऊ नको, पुढनं ये. विचार करतोय. भाकऱ्या दोन्ही चुलींवर होतील, मग नोटीसवाल्याला काय म्हणायचं ते म्हणू दे. मंडळाला सांग की हॉल नको, आम्हाला अंगण आहे.

हे सगळं मी सत्तावीसला तोंडानं सांगू शकते. तारीख सांगू शकते, खुर्च्या दाखवू शकते. पण मग ते मी सांगितलेलं होईल. तू सांगितलंस तर तुझं राहील. म्हणून सात दिवस थांबते.

फोटो आता पुसून, भाकरीच्या धुतलेल्या फडक्यात गुंडाळून दाराशेजारी ठेवलाय. शनिवारी, पंचवीसला, पोस्टमन दुपारी दोनला येतो. रविवारी टपाल नसतं. शनिवारी दोनपर्यंत तुझं उत्तर आलं, तर फोटो परत खिळ्यावर जाईल. नाही आलं तर सोमवारी माझ्याबरोबर पालिकेत येईल.

लोभ कमी झालेला नाही. शनिवारपर्यंत उत्तर पाहिजे.

तुझी
बनाक्का